मिणमिणणारा दिवा

शास्त्रवाचन : निर्गम ३०:७, ८, यशया ४२:३, १ करिंथ १२:१४-२६



निवासमंडपातील दीपवृक्षाविषयी बोलताना आपण त्याच्या शुद्ध सोन्याविषयी व सात दिव्यांविषयी पुष्कळ बोलतो. अहरोनाला नेमून दिलेले काम मात्र अगदी साधे होते. संध्याकाळी दिवे लावायचे, आणि रोज सकाळी ते नीटनेटके करायचे. सकाळी, म्हणजे ज्या वेळी दिव्याची कोणाला आठवणही नसते त्या वेळी!

आता आपल्या घरी तेलवात राहिली नाही, वीज आहे. हुबळी व धारवाड यांच्यामध्ये वसलेल्या अमरगोळात राहणाऱ्यांना तर विजेची कंपनी शेजारीच आहे. २००२ साली स्थापन झालेल्या हेस्कॉमचे मुख्य कार्यालय लगतच्या नवनगरात आहे. २०२३ सालापासून कर्नाटकात गृहज्योती योजनेखाली घरगुती ग्राहकांना ठरावीक मर्यादेत, महिन्याला फार तर २०० युनिटपर्यंत, वीज विनामूल्य मिळू लागली. परंतु मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची आणि मीटरच्या पुढची घरवाल्याची, हा नियम त्यामुळे बदलला नाही. वीज फुकट मिळाली तरी घरातील वायरची निगा आपल्यालाच राखावी लागते. कृपादानाचेही काहीसे असेच नाही काय?

दिवा लुकलुकू लागला की आपण पहिला दोष बल्बला देतो. बल्ब बदलतो, आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग दुकानदाराला नावे ठेवतो. खरे पाहता आधी एवढेच विचारावे : एकच दिवा लुकलुकतो की सगळ्या घरातले? एकच असेल तर मेन स्विच बंद करून, बल्ब गार झाल्यावर काढून पुन्हा नीट बसवावा. होल्डरमधील स्प्रिंगच्या पिना ढिल्या होतात, काळ्या पडतात; मग नवा बल्बही तिथे टिकत नाही. चांगला चाललेला दुसरा बल्ब लावूनही तेच झाले, तर बल्ब निर्दोष आहे असे समजावे. बटनातून कर्र असा आवाज येत असेल किंवा बटनाची पट्टी हाताला गरम लागत असेल, तर ते बटन वापरूच नये. जुन्या ट्यूबलाइटची टोके काळी पडली असतील तर तिचे आयुष्य संपत आले. नाहीतर बहुधा स्टार्टर गेलेला असतो.

हल्लीचे एलईडी दिवे बटन बंद केल्यावरही कधी कधी रात्री मंद तेवत राहतात. मुलांना याची गंमत वाटते. परंतु पुष्कळदा याचा अर्थ असा असतो की वायरमनने बटन फेजच्या तारेवर न लावता न्यूट्रलवर लावले आहे. तसे असेल तर बटन बंद असूनही होल्डरमध्ये वीज खेळत असते, आणि बटनावर विश्वास ठेवून हात घालणाराला जिवाची किंमत द्यावी लागते. वरून बंद दिसणारी प्रत्येक गोष्ट आतून बंद असतेच असे नाही.

सगळे दिवे एकदम खालीवर होत असतील तर दाराबाहेर येऊन शेजारचे घर पाहावे. पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर उजेड मंदावला, एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. पण काही घरांत पिवळे बल्ब मंद, आणि काही घरांत ते नेहमीपेक्षा लख्ख, पंखे जोरात, असे दिसले तर ते फार वाईट लक्षण आहे. खांबावरील न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, ढिली झाली किंवा तुटली की असे होते. एरव्ही घरात २३० व्होल्टचा दाब असतो. अशा वेळी ज्या फेजवर भार कमी त्या घरांत तो ४०० च्या दिशेने चढू शकतो, आणि जास्त भाराच्या घरांत उतरतो. तक्रार कोण करतो? ज्याच्या घरी अंधार पडला तो. ज्याच्या घरी लख्ख उजेड आहे तो खूश असतो. पण उपकरणे जळण्याचे आणि आग लागण्याचे भय त्याच्याच घरी असते. अशा वेळी दोघांनीही मेन स्विच बंद करावा, १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि खांबाला हात लावू नये.

एक अवयव दुःखी झाला तर सगळेच दुःखी होतात, असे पौल करिंथकरांना लिहितो. शेजाऱ्याच्या मंद दिव्याचे आणि आपल्या लख्ख दिव्याचे कारण एकच असू शकते, हे आपल्या मंडळ्यांच्या किती ध्यानात येते? एखाद्या बहिणीची उपासनेतील हजेरी कमी झाली की आपण म्हणतो, तिचा विश्वास मंदावला. दुसऱ्याच्या उत्साहाची आपण वाहवा करतो. दोन्ही घरांना जोडणारी तार, म्हणजे एकमेकांच्या घरी जाणे, विचारपूस करणे, क्षमा मागणे, कुठे सैल झाली ते कोणी पाहत नाही. उपमा फार ताणू नये, ताणलेली तार तुटते. पण शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी एवढे जरूर पाहावे. वर्गात चुळबुळणारे, कधी येणारे, कधी न येणारे मूल हा खराब बल्ब आहे असे ठरवण्याआधी त्याच्या घरी एकदा जाऊन यावे. मिणमिणत्या वातीला फुंकर मारून मोकळे होणे आपल्या प्रभूची रीत नव्हे, हे यशयाने कधीच सांगून ठेवले आहे. आणि लक्षात घ्या, लुकलुकणारा दिवा विझलेला नसतो. त्याच्यापर्यंत वीज अजून पोहोचते आहे.

आपल्या मंडळ्यांत एकट्या राहणाऱ्या विधवा आहेत, वृद्ध जोडपी आहेत. त्यांच्या घरांचे वायरिंग कित्येक वर्षांत कोणी तपासलेले नसते. वायरमनला बोलावण्याचा खर्च नको म्हणून त्या दिव्याला काठीने टिचकी मारून तो पेटवतात. तरुण संघात परवानाधारक वायरमन असेल तर वडीलमंडळाने त्याला अशा घरांची यादी द्यावी. मुलांना सांगावे : कोणाच्या घरचा दिवा लुकलुकतो ते पाहा, हात लावू नका, येऊन सांगा. आणि कामाला जाणाऱ्यांनी संध्याकाळी न जाता सकाळी जावे. मेन स्विच बंद केल्यावर पाहायला उजेड लागतो.