दुकान धावत नाही, चालतं

भाषांतर करणाऱ्याला मोठे शब्द फारसे छळत नाहीत. 'ज्युरिस्प्रुडन्स' आला की कोश उघडायचा, 'न्यायशास्त्र' उचलायचं आणि पुढे जायचं. छळतात ते 'रन'सारखे चिमुकले शब्द. एका पानात तो पाच वेळा आला तर पाचही ठिकाणी मराठीत वेगळं क्रियापद शोधावं लागतं. नदी वाहते, रस्ता जातो, नाटक चालतं, कपड्याचा रंग उतरतो, घरातलं दूध संपतं. इंग्रजीत ही सगळी कामं एकटा 'रन' उरकतो, फार तर कुठे एखादं अव्यय हाताशी घेतो.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, आणि वाक्प्रचारांसकट सगळी नोंद सुमारे ६०,००० शब्दांची, म्हणजे एखादी कादंबरीच. तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर २००० मध्ये 'मेक'ने हा मान घेतला, २००७ मध्ये 'पुट'ने आणि २०११ मध्ये 'रन'ने. या 'रन' क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. ते लावायला पीटर गिलिव्हर या संपादकाला नऊ महिने लागले. या मानकऱ्यांमध्ये लॅटिन-ग्रीकमधून आणलेला भारदस्त शब्द एकही नाही. सगळे घरचे, राबते.

'रन'चा हा विक्रम जाहीर झाला तेव्हा त्यातून इंग्रजी जगाचा स्वभाव वाचण्याची हौस अनेकांना आली: यंत्रयुग आलं, सगळं जग धावू लागलं, म्हणून धावण्याच्या शब्दाला अर्थ फुटले. यंत्रांनी भर घातली हे खरंच. पण मला ही उपपत्ती अर्धवट वाटते. मुळात 'रन' फक्त पायांचा शब्द नव्हताच. जुन्या इंग्रजीत पाणी वाहण्यालाही तोच होता, आणि त्याच्या नात्यातलं जर्मन 'रिनेन' आजही पाण्याच्या ओघळण्यालाच म्हणतात. इंग्रजाचं नाक 'धावतं' ते काही धावपटूची उपमा म्हणून नाही. तो जुना, ओला अर्थ आहे. आपल्या 'धावणे'च्या मुळाशीही पाणी आहे. पाणिनीच्या धातुपाठात 'धाव्'चे अर्थ दोन दिले आहेत, गती आणि शुद्धी. दात घासण्याला आपण 'दंतधावन' म्हणतो ते यातूनच. दात कुठे पळत नाहीत.

तेव्हा 'ते धावतात, आपण चालतो' असं म्हणण्याचा मोह मी आवरतो, जरी पुरावा तसा मोहात पाडणारा असला तरी. इंग्रज दुकान 'रन' करतो, आपलं दुकान चालतं. घर चालतं, गिरणी चालते, खटला वर्षानुवर्षं चालतो, एखादं दुखणं घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत येतं. संगणक आला तेव्हा त्यालाही आपण चालवलंच. एका मशागत न केलेल्या यांत्रिक भाषांतरात मी 'हा प्रोग्राम पळवा' अशी सूचना वाचली होती, आणि तो कुणाच्या घरून पळवायचा हा प्रश्न मला पडला होता. निवडणुकीत तर आपण ना धावतो ना चालतो. अमेरिकेतला उमेदवार धावतो, ब्रिटनमधला उभा राहतो, आपलाही उभा राहतो. पण इंग्रजाने ते चित्र तिथेच सोडलं आणि आपण शेवटास नेलं: आपल्याकडे उमेदवार उभा करतात, पैसे देऊन बसवतात, नाहीतर पाडतात.

'रन'ला आपण 'धाव' म्हटलं ते क्रिकेटपुरतं. आकाशवाणीवरून मराठीत समालोचन करणाऱ्या बाळ ज. पंडितांसारख्यांनी अशी परिभाषा कानाला सवयीची केली. पुढे धावबाद, धावफलक हे शब्द आपलेच वाटू लागले. पण 'धाव' त्याआधीही रिकामी बसलेली नव्हती. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. विहिरीवर मोटेचे बैल ज्या उतारावरून खाली जात आणि मागे येत, तीही धाव. दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालणारे फलंदाज पाहिले की मला ते बैल आठवतात. शब्द निवडणाऱ्याच्या मनात ते होते की नाही, कोण जाणे. बसला मात्र चपखल.

ऑक्सफर्डसारखं मोजमाप मराठीत कुणी मांडलं तर 'चालणे'चा क्रमांक वर लागेल, पण पहिला नाही. पहिला 'लागणे'चा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, दृष्ट लागते, निकाल लागतो, डोळा लागतो. कुणाचा तरी बोल मनाला लागतो. पातेल्यात दूध लागतं. आंबा गोड लागतो. पैसे लागतात, वेळ लागतो, शेवटी वाट लागते. एसटी स्टँडवर 'गाडी लागली' म्हणजे फलाटावर आली. त्याच गाडीत घाटाच्या वळणावर 'गाडी लागली' म्हणजे पिशवी काढा. मूळ धातू 'लग्', चिकटणे. 'लग्न' हा शब्दही त्याच धातूतला, म्हणून 'लग्न लागलं' म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो आणि एकदाही अडखळत नाही. परक्याला हे शिकवणं किती कठीण! व्याकरणाने शिकवता येत नाही. चार पावसाळे इथे काढले की आपोआप येतं.

माझी तक्रार आहे ती इथे. इंग्रजीतला सहाशे अर्थांचा शब्द मराठीत येतो तो एखाददुसरा अर्थ घेऊन. आपला 'रन' क्रिकेटचा आणि संगणकाचा. 'सेट' आला तो दागिन्यांचा, नाटकाचा, आणि आयुष्यात 'सेट' झालेल्या जावयाचा. इंग्रजी शब्द आले याचं मला दुःख नाही. टेबल, पेन्सिल, तिकीट कधीच घरचे झाले. पण क्रियापद येतं ते 'करणे'चा हात धरून. 'बिझनेस रन करतो', 'अलार्म सेट करतो', 'अप्लाय करतो', 'फील करतो'. राबणारं क्रियापद मग एकच उरतं, 'करणे', आणि धंदा चालवणे, गजर लावणे, अर्ज टाकणे, मनाला लागणे ही सगळी कामावरून कमी होतात. नवे पारिभाषिक शब्द घडवायला आपल्याकडे समित्या आहेत. 'लावणे', 'टाकणे', 'घालणे' यांची नोकरी टिकवायला कुणी नाही, कारण ती धोक्यात आहे हेच ध्यानात येत नाही. शब्द कोशात शाबूत असतात, फक्त त्यांना काम नसतं.

आज दिवसभरात 'लागणे' किती अर्थांनी तोंडी आलं, ते रात्री मोजून पाहा. झोप लागायच्या आत.