खर्जातला थोर कोण?

थोरपणाचे बहुतेक वाद तसे सोपे असतात, कारण ज्यांच्यावरून वाद घालायचा ती माणसं आपल्या समोर उभी असतात. बालगंधर्व थोर की केशवराव भोसले, यावर आपल्या पणजोबांच्या पिढीने रात्री जागवल्या. पण दोघेही रंगमंचाच्या मधोमध गात होते आणि ऐकणाऱ्याने दोघांनाही नीट ऐकलेलं होतं. सर्वांत थोर ट्यूबावादक कोण, हा वाद पाश्चात्त्य संगीताच्या जगात तितक्याच हिरिरीने घातला जातो. तिथे मात्र अडचण पहिल्याच पायरीवर येते. ट्यूबा हे पितळी वाद्यांतलं सर्वांत अवजड आणि सर्वांत खालच्या स्वरांचं वाद्य. ऑर्केस्ट्रात बहुधा ते एकच असतं, मागच्या रांगेत, ट्रॉम्बोनच्या शेजारी. द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीत, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या त्या रचनेत, ट्यूबाच्या वाट्याला येतात संथ भागातले अवघे 14 स्वर. वादक तेवढ्यासाठी शिस्तीत बसून राहतो, योग्य क्षणी श्वास घेतो, 14 स्वर वाजवतो. श्रोत्यांपैकी किती जणांनी ते वेगळे ऐकलेले असतात? अशा माणसाला थोर म्हणायचं ते कशाच्या बळावर? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, आणि त्यासाठीच मी या वादात मनापासून पडतो.

वाद्याचं वयही लक्षात घ्यावं लागतं. विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान गोटफ्रीड मोरित्झ या दोघांनी बर्लिनमध्ये ट्यूबाचं पेटंट घेतलं ते 1835 साली. म्हणजे बाख, मोझार्ट, बेथोवन यांच्यापैकी कुणीही या वाद्यासाठी एक स्वरसुद्धा लिहिलेला नाही. बर्लिओझ, वाग्नर, ब्रुकनर, माहलर यांनी त्याला ऑर्केस्ट्रात मानाची जागा दिली, पण एकट्याने उभं राहून वाजवावं असं मोठं काही शंभर वर्षं कुणी लिहिलं नाही. ती कोंडी फुटली 1954 साली. राल्फ वॉन विल्यम्स हे इंग्लंडचे वयोवृद्ध संगीतकार तेव्हा 81 वर्षांचे होते. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या सुवर्णमहोत्सवासाठी त्यांनी ट्यूबा कंचेर्तो लिहिला, त्या ऑर्केस्ट्राचे ट्यूबावादक फिलिप कॅटलिने यांनी तो वाजवला आणि जॉन बार्बिरोली यांनी संचालन केलं. दुसऱ्याच वर्षी संगीतकार हिंडेमिट यांनी ट्यूबा आणि पियानोसाठी सोनाटा लिहिला. त्याआधीच्या शतकभरात या वाद्याला किती मोठे वादक लाभले असतील, आणि त्यांचं मोठेपण दाखवायला त्यांना जागाच मिळाली नसेल! यादी करायला बसलं की ही न लिहिली गेलेली नावं मला आधी टोचतात.

एकल वादनाच्या बाजूने बोलणारे पहिलं नाव घेतात रॉजर बोबो यांचं, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. 1961 मध्ये, वयाच्या तेविशीच्या आसपास, बोबो यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये ट्यूबाची एकल मैफल केली. पुढे ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखबाऊ ऑर्केस्ट्रात काही काळ वाजवून 1964 मध्ये ते लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकमध्ये आले आणि पंचवीस वर्षं तिथे राहिले. त्यांतली सुरुवातीची बरीचशी वर्षं आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांच्या हाताखाली गेली. मेहतांच्या संचालनाखाली 1971 साली मुद्रित झालेलं होल्स्टचं ‘द प्लॅनेट्स’ अनेक मराठी घरांतल्या रेकॉर्डप्रेमींनी ऐकलेलं असेल. त्या काळी त्या ऑर्केस्ट्राचा खर्ज सांभाळत होते बोबो. त्याच ऑर्केस्ट्रातले तालवादक आणि संगीतकार विल्यम क्राफ्ट यांनी बोबोंसाठी ‘एन्काउंटर्स टू’ नावाची रचना लिहिली. एकटा ट्यूबा, सोबतीला कुणी नाही, आणि अशक्य वाटावेत असे स्वर. ट्यूबा हे करू शकतो यावर तोवर कुणाचा विश्वास नव्हता. बोबोंनी वाद्याची मर्यादा म्हणून जी मानली जात होती ती पुसून टाकली. आज नॉर्वेचे ऑइस्टाइन बोड्स्विक कोणत्याही ऑर्केस्ट्राची नोकरी न करता केवळ एकल ट्यूबावादक म्हणून जगभर फिरू शकतात, त्या वाटेवरचे काटे आधी बोबोंनी वेचलेले आहेत.

तरीही मला कुणी एकच नाव विचारलं, तर मी आर्नल्ड जेकब्ज यांचं घेईन. त्याची कारणं सविस्तर सांगायला हवीत.

जेकब्ज यांचा जन्म 1915 सालचा, फिलाडेल्फियाचा, वाढले कॅलिफोर्नियात. पंधराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. इंडियानापोलिस आणि पिट्सबर्ग इथे नोकरी करून 1944 मध्ये शिकागो सिंफनीत आले ते 1988 पर्यंत. चव्वेचाळीस वर्षं एकच खुर्ची. याच काळात शिकागोच्या पितळी वाद्यांचा ताफा जगात नावाजला गेला. ॲडॉल्फ हर्सेथ यांची ट्रम्पेट त्याचा चेहरा होती. फ्रिट्झ रायनर आणि नंतर गेओर्ग शोल्टी यांच्या संचालनाखालची मुद्रणं ऐकताना लोक ट्रम्पेटच्या तेजाने भारून जातात. मीही जातो. पण तीच रेकॉर्ड पुन्हा लावून कान मुद्दाम खाली नेला की वेगळंच काही कळतं. स्वरमेळातला सर्वांत खालचा स्वर भरीव आणि नेमका लागला, की त्याच्यातून उमटणाऱ्या स्वयंभू स्वरांत वरच्या वाद्यांना आपापली जागा सापडते. तो किंचित जरी ढळला तरी ट्रॉम्बोन, हॉर्न, ट्रम्पेट यांनी कितीही सुरेल वाजवलं तरी मेळ खडबडीत वाटतो. त्या ट्रम्पेटला निर्धास्तपणे झेप घेता येत होती, कारण खाली जेकब्ज होते. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

आणि हे सगळं त्यांनी केलं ते आजारी छातीने. त्यांना दमा होता. ट्यूबा हे वाद्य असं, की खालच्या स्वरांत जोराने वाजवताना छातीतली हवा दोन-तीन सेकंदांत रिकामी होते. ट्रम्पेटला हवा थोडी लागते पण दाब फार. ट्यूबाला दाब थोडा आणि हवा मुबलक. ज्याच्या फुप्फुसांत हवा बेताची, त्याने हे वाद्य निवडावं आणि त्यातच सर्वांच्या पुढे जावं! जेकब्ज यांनी श्वासाचा अभ्यास आरंभला, शरीरशास्त्राची पुस्तकं वाचली, श्वास मोजण्याची वैद्यकीय उपकरणं जमवली. शिकागोच्या फाइन आर्ट्स बिल्डिंगमधल्या त्यांच्या शिकवणीच्या खोलीत अशी कितीतरी साधनं होती. तिथे ट्यूबावादकांबरोबर ट्रम्पेट, हॉर्न, बासरी, ओबो वाजवणारेही येत, कारकीर्द संपण्याच्या भीतीने ग्रासलेले नामांकित वादकही येत. त्यांना ते आधी उपकरणावर मोकळा श्वास घ्यायला लावत, डोळ्यांनी पाहायला लावत. आणि मग वाद्य हातात आलं की श्वास, स्नायू, ओठ सगळं विसरून फक्त मनात गाणं धरायला सांगत. त्यांच्या शिकवणीचं सार दोन शब्दांत सांगितलं जातं: ‘साँग अँड विंड’. गाणं आणि वारा, आणि त्यात गाण्याचा वाटा कितीतरी मोठा. इतकं शरीरशास्त्र पचवलेला माणूस शेवटी गाण्यालाच वरची जागा देतो, यात मला त्यांची सारी थोरवी दिसते.

त्यांच्या वाद्याची गोष्टही सांगण्याजोगी आहे. 1930च्या दशकात संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांना आपल्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राच्या खर्जात ऑर्गनसारखा घुमारा हवा होता. त्यासाठी मिशिगनमधल्या यॉर्क कंपनीने एक मोठा ट्यूबा बनवला. तिथले वादक फिलिप डोनाटेली यांच्या शरीरयष्टीला तो पेलवेना, म्हणून त्यांनी तो आपल्या तरुण शिष्याला, जेकब्ज यांना, 175 डॉलरला दिला. पैसे हप्त्याहप्त्याने फेडले गेले. पुढे त्या वाद्याची इतकी ख्याती झाली की स्वित्झर्लंड आणि जपानमधल्या कारखान्यांनी त्याची मापं घेऊन तसेच ट्यूबा घडवले. मूळ वाद्य आज शिकागो ऑर्केस्ट्राच्या मालकीचं आहे. आणि ज्या फिलाडेल्फियासाठी ते घडवलं गेलं, तिथल्या ट्यूबाच्या खुर्चीवर 2006 मध्ये कॅरल जान्च हिची निवड झाली. वय 20, मिशिगन विद्यापीठातली पदवीची विद्यार्थिनी. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रातली ती पहिली स्त्री ट्यूबावादक. ट्यूबाला पैलवानी छाती आणि पुरुषी ताकद लागते, हा समज जेकब्ज यांच्या श्वासाने आधीच खिळखिळा केला होता. जान्चने त्याचा निकाल लावला.

एक गोष्ट मला या वादात मनापासून खटकते. नावं घेणारे बहुतेक जण ऑर्केस्ट्राच्या दारातून बाहेर पडतच नाहीत. जॅझमध्ये माइल्स डेव्हिसच्या 1949-50 सालच्या ‘बर्थ ऑफ द कूल’मध्ये बिल बार्बर यांचा ट्यूबा बाकीच्या वाद्यांच्या बरोबरीने किती हळुवार बोलतो! हे तेच बिल बार्बर, जे पुढे शाळेत मुलांना संगीत शिकवत राहिले. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर मिरवणुकीत तासन्‌तास चालत, खांद्यावर ट्यूबाचाच भाऊबंद सूसाफोन घेऊन, अख्ख्या गल्लीला नाचवणारे कर्क जोसेफ आणि फिलिप फ्रेझियर यांना कुठल्या तराजूत घालायचं? आणि टॉमी जॉन्सन? हॉलीवूडच्या स्टुडिओत आयुष्य घालवलेला हा वादक. 1975च्या ‘जॉज’मध्ये शार्क येताना तंतुवाद्यांच्या त्या दोन स्वरांवर जी धून वर चढत जाते, ती जॉन विल्यम्स यांनी ट्यूबाला दिली आहे, आणि ती टॉमी जॉन्सन यांनी वाजवली आहे. जगातल्या कोट्यवधी माणसांनी त्यांना ऐकलं. नाव फार थोड्यांना ठाऊक.

आता उरतं ते नाव, जे माझ्या निवडीला खरं आव्हान देतं. हार्वी फिलिप्स. मिसुरीतल्या एका छोट्या गावचा मुलगा, कोवळ्या वयात सर्कसच्या बँडमध्ये वाजवू लागला, आणि पुढे विल्यम बेल यांचा शिष्य झाला. बेल म्हणजे तोस्कानिनींच्या एनबीसी सिंफनीतले आणि नंतर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमधले ट्यूबावादक, पिढ्या घडवणारे गुरू. फिलिप्स वादक म्हणून असाधारण होतेच. त्यांना ट्यूबाचा पॅगानिनी म्हटलं गेलं. पण त्यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला तो दुसऱ्यांसाठी. ट्यूबासाठी चांगलं संगीत नाही, तर ते लिहवून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. संगीतकारांच्या मागे लागून, मैत्री करून, स्वतः पैसे उभे करून त्यांनी दोनशेहून अधिक रचना जन्माला घातल्या. ट्यूबावादकांची संघटना उभी राहण्यात त्यांचा पुढाकार होता. आणि 1974 मध्ये, तीन वर्षांपूर्वी वारलेल्या आपल्या गुरूंची आठवण म्हणून, त्यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये फक्त ट्यूबाकुळीतल्या वाद्यांची नाताळगाणी आयोजित केली. बेल यांचा जन्म नाताळचा, 25 डिसेंबर 1902चा. परवानगी मागितली तेव्हा तिथला अधिकारी साहजिकच बिचकला. फिलिप्स यांनी त्याला आपल्या ओळखीच्या माणसांचे खासगी फोन नंबर दिले आणि माझ्याबद्दल यांना विचारा म्हणाले. त्यांत लेनर्ड बर्नस्टाइन होते, स्टोकोव्स्की होते. परवानगी मिळाली. 22 डिसेंबरला तीनशेहून अधिक वादक जमले.

तेव्हापासून ‘ट्यूबाख्रिसमस’ दरवर्षी अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत होतो. शाळकरी मुलं येतात, निवृत्त लष्करी बँडवाले येतात, वर्षभर वाद्य माळ्यावर ठेवलेले लोक ते पुसून आणतात. त्याच दिवशी एक तालीम, आणि लगेच वादन. ज्या वाद्याच्या नशिबी सदैव दुसऱ्यांच्या गाण्याखाली राहणं, ते त्या दिवशी स्वतः गाणं गातं. फिलिप्स 2010 साली गेले, तरी हे चालू आहे.

मग थोर कोण? श्वास अपुरा असताना ज्याने सर्वांत भरीव स्वर काढला आणि इतरांना श्वास घ्यायला शिकवलं, तो माझ्या यादीत पहिला. जेकब्ज. फिलिप्स दुसरे, बोबो तिसरे. पण फिलिप्स नसते तर आजच्या ट्यूबावादकांपुढे वाजवायला काय असतं, असं कुणी विचारलं की माझी यादी हलते, आणि तिसऱ्या जागेवर बोबो ठेवावेत की टॉमी जॉन्सन, यावर मी अजून कुणाशीही तासभर भांडायला तयार आहे.