गाडी तीच, देवही तोच

एखाद्या वस्तूचे जवळपास सगळे भाग बदलले, तरी ती वस्तू तीच राहते का? 1990 साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयाला हा प्रश्न सोडवावा लागला, तो एका मोटारीमुळे. ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली स्पीड सिक्स गाडीने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिला आठ लिटरचे इंजिन बसवले गेले. 1932 मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. त्यानंतर ती नव्याने बांधली गेली, बॉडीही वेगळी चढली. एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला तेव्हा खरेदीदाराने आक्षेप घेतला, की ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केले, की 1929 सालचे म्हणावे असे तिच्यात जवळपास काही उरलेले नाही. तरीही ती ‘ओल्ड नंबर वन’च आहे, असा निकाल त्यांनी दिला. बदल टप्प्याटप्प्याने झाले आणि कोणत्याही टप्प्यावर तिची ओळख तुटली नाही, हे त्यांचे कारण होते.

हा निकाल मला योग्य वाटतो आणि त्याचे समर्थन आपल्याच परंपरेत सापडते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो, की रथ म्हणजे नेमके काय? चाक, आस, दांडा यांतला एकही भाग म्हणजे रथ नव्हे आणि या सर्वांहून निराळा रथही दाखवता येत नाही. मग मूल आणि त्याचा वाढलेला माणूस एकच का, या प्रश्नावर नागसेन म्हणतो, की तो तोच नाही आणि दुसराही नाही. एका अवस्थेतून दुसरी अवस्था अखंड निघत जाते आणि त्या प्रवाहालाच आपण एक नाव देतो. संस्थांचेही तसेच आहे. सांगलीच्या विश्रामबागेतले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झाले आणि पुढे त्याचे नाव बदलले. पहिल्या तुकडीतले विद्यार्थी आणि शिक्षक आज तिथे नाहीत. तरी ते तेच महाविद्यालय आहे, यावर कोणी वाद घालत नाही.

न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, मात्र वाद घालतील आणि त्यांचा आक्षेप भक्कम आहे. अवयव बदलला की जुना अवयवी, म्हणजे अवयवांची बनलेली वस्तू, नष्ट होतो आणि नवा जन्मतो, असे ते मानतात. ज्योत क्षणोक्षणी नवी असते, केवळ सारखेपणामुळे आपण तिला ‘तीच’ म्हणतो. गाडीचेही तसेच झाले आहे, असे ते म्हणतील. ओळख सारखेपणातूनच येते का, हे दुसऱ्या एका गाडीवर तपासता येते. जग्वारने 1963-64 मध्ये शर्यतीसाठी हलक्या वजनाच्या ‘लाइटवेट ई-टाइप’ गाड्या काढल्या. ठरवल्या होत्या अठरा, तयार झाल्या बाराच. 2014 साली कंपनीने न वापरलेले सहा क्रमांक काढून सहा नव्या गाड्या बांधायला घेतल्या. निर्माता तोच, घडण तीच, क्रमांकही त्याच मालिकेतले. पण या गाड्या 1963 साली धावल्या, असे कोणी म्हणणार नाही. इथे सारखेपणा जवळजवळ पूर्ण आहे, पण सलगता नाही. बेंटलीत सारखेपणा फारसा नाही, सलगता मात्र आहे. आपण ‘तीच’ म्हणतो ते बेंटलीला. तेव्हा ओळखीचा आधार सारखेपणा नसून सलगता आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. सलगता पुरेशी मानली, तर कोणीही जुन्या नावावर नवा माल खपवील. ही भीती खरी आहे. म्हणूनच सलगतेला पुरावा हवा. न्यायालयाने बेंटलीचा इतिहास टप्प्याटप्प्याने तपासला आणि गाडी मूळ स्थितीत आहे असा दावाही मान्य केला नाही. ती तीच आहे, पण जशीच्या तशी नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मंदिराच्या जीर्णोद्धाराला हाच न्याय लावला पाहिजे. मूर्तीची दुरुस्ती करण्यापूर्वी कलाकर्षणाचा विधी होतो: देवतेच्या तत्त्वाचे कलशात आवाहन करतात, कलशाची पूजा चालू राहते आणि काम झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा होते. पूजेत खंड पडू नये, ही तळमळ या विधीच्या मुळाशी आहे. त्यामुळे वज्रलेप झाला, दगड बदलला, तरी देव तोच, ही भाविकाची श्रद्धा भाबडी नाही. परंतु जुने दगडी देऊळ पाडून काँक्रीटचे बांधले आणि फलकावर शतकांपूर्वीचे मंदिर असे लिहिले, तर ते असत्य आहे. देव तोच राहिला, कारागिराचे काम मात्र गेले. श्रद्धेला या कबुलीने काहीही धोका नाही. म्हणून विश्वस्तांना विनंती आहे, की जीर्णोद्धार करताना काय काढले, काय घातले आणि का, याची नोंद करा आणि ती देवळातच सर्वांना वाचता येईल अशी लावा.