निबंध परत घेऊन जा

बसा. तास संपेपर्यंत कुणी पाणी प्यायला बाहेर जाणार नाही. तुमचे निबंध मी वाचले आणि एकालाही गुण दिलेले नाहीत. जिना प्रिन्स-बायथवुडचा २०१४चा ‘बियॉन्ड द लाइट्स’ दाखवला होता तुम्हाला. निम्म्या वर्गाने लिहिलं, ‘हृदयस्पर्शी प्रेमकथा’. उरलेल्यांनी लिहिलं, ‘प्रसिद्धीची किंमत मोजावी लागते’. कुणी मोजली? कशात मोजली? ती कुणाच्या खिशात गेली? हे एकाही निबंधात नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. (नायिकेचं नाव नोनी आहे, ‘नैना’ नव्हे. हे कुणी लिहिलंय, त्याने आपलं आपण ओळखावं.)

‘आई खलनायिका आहे’ हे वाक्य तर इतक्या जणांनी लिहिलंय की एकाची वही वर्गभर फिरली असावी. मग चित्रपटाचा पहिलाच प्रसंग कशाला आहे? लंडनचं ब्रिक्स्टन, १९९८ साल. गोरी आई आणि कुरळ्या केसांची सावळी मुलगी. मुलगी स्पर्धेत गाणार आहे आणि आईला तिचे केस विंचरता येत नाहीत. बंद होत आलेल्या पार्लरच्या दारात ती मदत मागते. आपल्या लेकीचं डोकं आपल्या हाताला कळत नाही, हे ती परक्या बाईसमोर कबूल करते. ही खलनायिका? त्याच रात्री मुलीला उपविजेतीचं बक्षीस मिळतं आणि हीच आई तिला ते फेकून द्यायला लावते. दोन्ही प्रसंग एकाच बाईचे आहेत. तुम्ही दुसरा तेवढा लक्षात ठेवलात, कारण त्यात राग धरणं सोपं होतं.

पुढे केसांचं काय झालं, ते कुणी पाहिलं? मोठी, पॉपस्टार झालेली नोनी पडद्यावर येते ती सरळ, लांब, जांभळ्या केसांनी. ते तिचे नाहीत. मेक्सिकोत ती ते उतरवते, तेव्हा लहानपणीचे कुरळे केस पुन्हा दिसतात आणि तिथेच, कॅरिओकेवर, ती लहानपणीचं गाणं गाते. दिग्दर्शिकेने सगळा हिशेब केसांत मांडून ठेवलाय. तुमच्यापैकी एकाने ‘नायिकेची वेशभूषा आकर्षक होती’ एवढं लिहून परिच्छेद संपवला!

आता तो पोलीस, काझ. ‘खरा प्रेमी’, ‘देवदूत’ वगैरे. पुरस्कार मिळालेल्या रात्री नोनी हॉटेलच्या बाल्कनीतून जीव द्यायला निघते आणि तो तिला वर ओढतो, हे खरं. पण त्यानंतर पत्रकारांसमोर तो काय सांगतो? असं काही झालंच नाही, असं. देवदूत खोटं बोलला, हे कुणाच्याच नजरेस आलं नाही? स्वतःचा अल्बम अजून यायचाय, अशा मुलीला मरावंसं वाटलं हे बाहेर कळणं तिच्या भोवतालच्या कुणालाच परवडणारं नाही. मॅनेजर म्हणजे आईच. आई मुलीला जवळ घेईल, पण मॅनेजरला तारखा सांभाळायच्या आहेत. दुखलं तर जायचं कुणाकडे? ज्याच्याकडे जावं, त्याचं पोट तिच्याच गाण्यावर चालतं. चित्रपट हे सांगतो.

‘हे सगळं पडद्यावरचं’ असंही एकीने लिहिलंय. ऐक. ‘टीएलसी’ हा अमेरिकेतला गाणाऱ्या तीन मुलींचा गट. त्यांचा ‘क्रेझीसेक्सीकूल’ हा अल्बम तुफान विकला जात होता आणि १९९५मध्ये त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. कसं? रेकॉर्ड कंपनी आधी देते ती रक्कम उचल असते. रेकॉर्डिंगचा खर्च, व्हिडिओचा खर्च गाणाऱ्याच्याच वाट्यातून वळता होतो. त्यात त्यांची मॅनेजर आणि निर्मिती कंपनीची मालकीण एकच बाई. म्हणजे त्यांच्या बाजूने भांडायचं जिने, टेबलाच्या पलीकडेही तीच.

आणि ज्याने समासात टक्कल केलेल्या गायिका ब्रिटनी स्पिअर्सचं चित्र काढून खाली हसरा चेहरा काढलाय, तू उभा राहा. २००८ ते २०२१ ही बाई कोर्टाने नेमलेल्या पालकत्वाखाली होती आणि बहुतेक काळ सूत्रं वडिलांच्या हातात होती. स्वतःचे व्यवहार सांभाळायला अपात्र, पण लास व्हेगासमध्ये वर्षानुवर्षं कार्यक्रम करायला पात्र! वडिलांच्या वकिलांची फीसुद्धा तिच्याच पैशातून. मूल हवंय, पण गर्भनिरोधक साधन काढू दिलं जात नाही, हे तिला २०२१मध्ये कोर्टात सांगावं लागलं. हस आता. बस खाली.

‘आपल्याकडे असं होत नाही’ म्हणणाऱ्यांनी जास्त बोलू नये. रिॲलिटी शोमध्ये लहान मुलांना वयाला न शोभणारे नाच करायला लावू नका, असं वाहिन्यांना बजावण्याची वेळ २०१९मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयावर आली. त्या मुलांना मतं पाठवणारे कोण होते? तुमच्याच घरातले. माझ्याही.

निबंध पुन्हा लिहायचा. ‘हृदयस्पर्शी’ शब्द दिसला तर वाचणार नाही. नोनीच्या भोवतीचं प्रत्येक माणूस घ्या: आई, रेकॉर्ड कंपनी, भर मंचावर तिचा कोट ओढणारा तो रॅपर, आणि काझसुद्धा. ती उद्या गायची थांबली तर यातल्या कुणाचं किती बुडेल, ते प्रसंग दाखवून लिहा. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर हवेत.