टांगायची की पांघरायची?

सावित्रीबाई फुले यांच्या आयुष्यावर गोधडी करायची असं नुसतं म्हटलं, तरी शिवायला बसलेल्या प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे तीच पाच चित्रं येतात. भिडेवाड्यातली शाळा, अंगावर येणारं शेण, पिशवीतलं दुसरं लुगडं, जोतीरावांच्या अंत्ययात्रेत हाती धरलेलं टिटवं आणि प्लेग झालेलं पाठीवरचं पोर. दर ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, शाळाशाळांतल्या तक्त्यांवर हीच लागतात. पाच चौकोन कापले, कडेनं खणाची पट्टी फिरवली की गोधडी तयार आणि चरित्रही तयार. माझी कुरबुर इथूनच सुरू होते.

पहिली शाळा १८४८ ची. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, तो दिवस १० मार्च १८९७. मधली ४९ वर्षं त्यांनी काय केलं? फळा पुसला, मुली घरी बसल्या की त्यांच्या आयांना जाऊन समजावलं, हिशेब ठेवले, बाळंतिणींचं केलं, पाहुण्यांना जेवू घातलं. असल्या दिवसांचं चित्र निघत नाही, पण आयुष्य त्याच दिवसांचं बनलेलं असतं. थोरांचं स्मारक करताना आपण प्रसंग उचलतो आणि दिवस गाळतो. पुतळ्याला तर एकच प्रसंग पेलतो. गोधडीला मात्र दिवस धरता येतात, पण ती करताना फोटोच्या अल्बमची नक्कल करायची नाही, हे आधी ठरवायला हवं.

कापडावर चरित्र मांडण्याचा खटाटोप नवा नाही. कॅलिफोर्नियातल्या सॉसालितो आणि मरिन सिटी इथल्या एका कृष्णवर्णीय इतिहास मंडळानं १९५१ मध्ये हॅरिएट टबमनची मोठी रजई केली. टबमन १८४९ मध्ये मेरीलँडमधल्या गुलामगिरीतून निसटली आणि पुढे जवळपास १३ वेळा जिवावर उदार होऊन परत गेली. सुमारे ७० माणसं तिनं सोडवून आणली. तेरा फेऱ्या तेरा चौकोनांत वाटण्याचा मोह त्या रजईनं टाळला. माणसांना घेऊन निघालेली टबमन एवढं एकच मोठं चित्र तिनं कापडावर उभं केलं.

पण याच इतिहासाच्या अवतीभवती एक गोड कथाही वाढली. पळणाऱ्या गुलामांना वाट कळावी म्हणून दोरीवर विशिष्ट नक्षीच्या रजया वाळत घालत, प्रत्येक नक्षीला ठरलेला अर्थ होता, असं १९९९ मध्ये आलेल्या एका पुस्तकानं लोकप्रिय केलं. गुलामगिरीच्या इतिहासकारांना त्या काळातला पुरावा काही सापडला नाही, तरी ती कथा शाळांच्या वर्गांत शिरली ती शिरलीच. कापडावर चढलेली गोष्ट लोकांना खरी वाटते, कारण हातानं इतक्या कष्टानं केलेल्या वस्तूवर शंका घ्यायला मन धजत नाही. सावित्रीबाईंच्या तोंडी घातलेली, कुठल्याच लिखाणात न सापडणारी बाणेदार वाक्यं आज सर्रास फिरतात. त्यातलं एक जरी भरतकामात गेलं, तरी ते खोडणं छापील चूक सुधारण्यापेक्षा अवघड होऊन बसेल.

म्हणून चौकोन निवडताना मी त्यांच्या पत्रांकडे वळेन. जोतीरावांना लिहिलेली त्यांची तीन पत्रं आज वाचायला मिळतात, १८५६, १८६८ आणि १८७७ सालांची. पहिलं नायगावहून, माहेरून. त्यात भावाशी झालेला वाद आहे. महार-मांगांसाठी काम करता म्हणून भाऊ बोल लावतो आणि आजारातून उठलेली बहीण त्याला तिथल्या तिथे उत्तर देते. दुसऱ्यात गावानं जिवावर उठून घेरलेलं एक जोडपं आहे, ब्राह्मण तरुण आणि महार मुलगी. सावित्रीबाई मध्ये पडतात, इंग्रजी कायद्याचं भय घालतात आणि दोघांना वाचवून जोतीरावांकडे पाठवतात. तिसरं जुन्नरजवळच्या ओतूरहून, दुष्काळातलं. त्यात उपाशी माणसं आहेत, सावकारांचा जाच आहे, कार्यकर्त्यांची धरपकड आहे आणि कलेक्टरला भेटून केलेली रदबदली आहे. या तिन्ही पत्रांतली बाई पोस्टरवरच्या बाईहून वेगळी दिसते. ती सोसत नाही, कामं मार्गी लावते.

पत्र कापडावर कसं आणायचं? मजकुराची अक्षरं भरायची नाहीत. मांजरपाटाच्या तुकड्यावर निळ्या दोऱ्यानं नुसत्या ओळी घालायच्या, काही पूर्ण, काही अर्ध्यावर थांबलेल्या. खाली गावाचं नाव आणि साल. जिला मजकूर जाणून घ्यायचा असेल ती सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय उघडेल. गोधडीनं पुस्तकाची जागा घ्यायची नाही, पुस्तकाकडे धाडायचं.

शेणाच्या चौकोनावरून भांडण होणार हे मी धरून चालते. तपकिरी तुकडा मिळायला सोपा आणि दिसायला ठसठशीत, अख्ख्या गोधडीत नजर तिथेच जाईल. माझा विरोध तेवढ्यासाठीच आहे. स्मारक सावित्रीबाईंचं आणि मधली जागा शेण फेकणाऱ्यांची, असं कशाला? दुसरं लुगडं मात्र हवं. तेही नेसलेलं न दाखवता घडी घातलेलं, काठ बाहेर राहील असं. आज काय होणार हे ठाऊक असूनही घरून निघताना घातलेली ती घडी. त्यांची हिंमत मला फेकाफेकीच्या त्या क्षणापेक्षा या तयारीत जास्त दिसते.

एक तुकडा फातिमा शेख यांचा हवा. जोतीराव-सावित्रीबाईंना वडिलांचं घर सोडावं लागलं, तेव्हा फातिमांच्या, म्हणजे उस्मान शेख यांच्या घरानं आसरा दिला. तो तुकडा वेगळ्या कापडाचा असावा आणि शिवण दिसू द्यावी. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहासाठी चित्रच नको, बाळाच्या दुपट्याचा मऊ तुकडा पुरे.

मग येतो खरा कारभार. खाली जुनं लुगडं अंथरायचं, चारी कोपरे ताणून त्यांवर वजनं ठेवायची, मध्ये धोतरं आणि विरलेल्या चादरी पसरायच्या, वर हे तुकडे. चार बाजूंनी चौघी बसतात आणि कडेपासून धावदोरा घालत आत सरकतात. थर जाड झाला की सुई अडते, अंगुस्तान लावूनही पुढे जात नाही. मग टोक दातांत धरून ओढावी लागते. हा दोरा चित्र पाहून थांबत नाही. पत्रावरून, लुगड्याच्या घडीवरून, दुपट्यावरून एकाच अंतरानं तो जातो. आत काय घातलंय ते तर कुणालाच दिसत नाही, आणि ऊब असते ती त्याचीच. मघाशी ज्या ४९ वर्षांचं चित्र निघत नाही म्हटलं, ती या दोऱ्यात आणि या थरात आहेत. म्हणून गोधडी उलटी करून बघावी. मागं एकही प्रसंग नाही, नुसते टाकेच टाके.

तर कापड नवं घ्यायचं नाही. अंगणवाडीतल्या ताई, जिल्हा परिषद शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या परिचारिका यांच्या वापरून मऊ झालेल्या साड्या मागायच्या. शोभा थोडी कमी होईल, पण सावित्रीबाईंनी केलेली कामं आज ज्या करतात त्यांचं कापड त्यात असेल.

आणि शेवटचा प्रश्न मी खरं तर सर्वांत आधी विचारेन. ही गोधडी टांगायची आहे की पांघरायची? टांगायची असेल तर रंग झगमगीत हवेत, आकार भिंतीएवढा हवा, आणि एकदा लागली की तिला कुणी हात लावणार नाही. पांघरायची असेल तर तिचं माप एका मुलीच्या अंगाचं घ्यावं लागेल आणि रंग धुण्यात टिकणारे हवेत. ती फाटणार, तिला ठिगळं लागणार. उद्या एखादा कागद सापडला आणि आपला एखादा चौकोन खोटा पडला, तर तो उसवून दुसरा लावण्याची सोयही त्यातच आहे. भिडेवाड्याची मोडकळीला आलेली इमारत २०२३ मध्ये पाडली गेली आणि तिथे राष्ट्रीय स्मारकाचं ठरलं. पाहण्याजोगं स्मारक तिथे होईलच, त्याची कमतरता पडणार नाही. गोधडीनं त्याच्याशी स्पर्धा करू नये. माझं मत पांघरण्याच्या बाजूनं आहे. मुलींच्या एखाद्या वसतिगृहात ती द्यावी, आणि काचेत ठेवण्याचा ठराव कुणी आणला तर तो हाणून पाडावा.