लाल तारखा

“चीनमध्ये वर्षाला तेरा सुट्ट्या, आपल्याकडे चोवीस. मग ते पुढे जाणार नाहीत तर काय?” मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं हे लाडकं वाक्य. लिफ्ट बंद पडो, पाणी कमी दाबाने येवो, पार्किंगवरून भांडण होवो, काकांची गाडी शेवटी चीनच्या तेरा सुट्ट्यांवर येऊन थांबते. काका बँकेतून निवृत्त झाले. म्हणजे त्या चोवीस सुट्ट्या त्यांनी नोकरीभर भरपगारी उपभोगल्या, आणि २०१५ साली दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा झाला त्याचाही लाभ घेतला. हे मी त्यांना अजून बोलून दाखवलेलं नाही. सोसायटीत राहायचं आहे. पण वाक्य कानात अडकून बसलं, आणि त्याचा निकाल लावल्याशिवाय ते निघेना.

आकडे तसे खोटे नाहीत. राज्य सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढतं आणि ती चोवीसच्या आसपास भरते. ही यादी निघते १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली, म्हणजे चेक आणि हुंड्यांच्या कायद्याखाली. मला याची नेहमी गंमत वाटते. दिवाळीची, ईदची, नाताळची सुट्टी कागदोपत्री आपल्याला मिळते ती धर्मामुळे नव्हे. हुंडीची मुदत नेमकी सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे कधी द्यायचे, या इंग्रजांच्या काळातल्या व्यापारी प्रश्नापायी. चीनमध्ये २०२४ पर्यंत ११ सुट्ट्या होत्या. १ जानेवारी २०२५ पासून चांद्र वर्षाचा शेवटचा दिवस आणि २ मे यांची भर पडून त्या १३ झाल्या.

काका जे सांगत नाहीत ते असं, की चिनी सरकार या तेरा दिवसांना शनिवार-रविवार जोडून लांबलचक रजा तयार करतं आणि त्या बदल्यात आगेमागेचे काही शनिवार-रविवार वसूल करून घेतं. २०२५ चं चिनी नववर्ष २९ जानेवारीला होतं. सुट्टी लागली २८ जानेवारी ते ४ फेब्रुवारी, सलग आठ दिवस. त्यातले चार हक्काचे, दोन शनिवार-रविवारचे आणि उरलेले दोन उसने. त्या उसन्या दोन दिवसांसाठी रविवार, २६ जानेवारी आणि शनिवार, ८ फेब्रुवारी या दिवशी देशभर कामाचा दिवस. आपला प्रजासत्ताक दिन त्या वर्षी रविवारी आला म्हणून इथले नोकरदार हळहळत होते, तेव्हा तिथले त्याच रविवारी कामावर हजर होते. या अदलाबदलीवर चिनी नोकरदार दरवर्षी कुरकुरतात. आमचीच सुट्टी आम्हालाच परत विकता, असा त्यांचा सूर असतो.

इथे मला काकांविरुद्ध हत्यार सापडलं असं वाटलं. सण आणि सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझं जुनं मत. सण लोकांचा, तो चंद्र बघून, पीक बघून, भरती-ओहोटी बघून येतो. सुट्टी कुणीतरी देतं, आणि जो देतो तो काढूनही घेऊ शकतो. चीनइतका याचा पुरावा कुठे नसेल. १९३० च्या सुमारास तिथल्या राष्ट्रवादी सरकारने चांद्र नववर्ष मोडीत काढून लोकांना १ जानेवारी साजरी करायला लावायचा घाट घातला. लोकांनी जुनंच नववर्ष साजरं केलं. १९६७ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, वसंतोत्सवाची, म्हणजे याच चांद्र नववर्षाची, सुट्टीच रद्द झाली. ती परत यायला १९८० साल उजाडलं. मधल्या तेरा वर्षांत सुट्टी नव्हती, सण होता. १९९९ साली तर सरकारने उलटीच चाल केली. आशियातल्या आर्थिक संकटानंतर लोकांनी घराबाहेर पडून पैसे खर्चावेत म्हणून आठवड्याभराच्या ‘सुवर्णसप्ताहां’ची कल्पना काढली. म्हणजे बाजाराची गरज आधी आणि सण मागाहून. मधल्या काळात विसरलेले पितरांचा चिंगमिंग, नौकांचा उत्सव आणि शरदातली पौर्णिमा यांना सुट्टीच्या यादीत जागा मिळाली ती २००८ साली, आणि त्यासाठी मे महिन्यातल्या तीन दिवसांचा एक करावा लागला.

सुट्टीवाचून सण कसा जगतो हे बघायला चीनला जायचीही गरज नाही. माझगावात नवाब टँक रोडवर १९१९ सालचं एक चिनी देऊळ आहे, सी यिप कून. एका जुन्या इमारतीत, जिना चढून गेल्यावर. गोदीच्या आसऱ्याने आलेल्या चिनी कुटुंबांनी ते उभारलं. १९६२ च्या युद्धानंतर संशय, पोलिसांचे फेरे, स्थानबद्धता यांमुळे मुंबईतली चिनी वस्ती आटत गेली. काही कुटुंबं परदेशी गेली, काही इथेच टिकली. नववर्षाला ही मंडळी आजही देवळात जमतात, उदबत्त्या लावतात. त्यांच्या या दिवसाला आपल्या यादीत कधीही लाल रंग मिळाला नाही. नववर्ष मंगळवारी आलं तर मंगळवारी कामावरून सवड काढायची, एवढंच. आपल्या उपनगरांत नाक्यानाक्यावर ‘चायनीज’च्या गाड्या आहेत आणि चिनी नववर्ष कधी असतं हे त्या गाडीवाल्याला विचारलं तर तो शेजवान चटणीची बरणी पुढे करील. असो, हे विषयांतर झालं.

तेव्हा माझा निष्कर्ष तयार होता: सणाची सुट्टी सणाच्याच दिवशी हवी. सरकारने तिला हलवू नये, जोडू नये, तिचं गणित करू नये. गणित चीनने करावं. आमच्याकडे चाकरमानी गणपतीला कोकणात निघतो तेव्हा बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून आणि कुर्ल्याच्या नेहरूनगरातून एसटीच्या रांगा सुटतात. त्या यादीतल्या एका दिवसाच्या जोरावर निघत नाहीत. साहेब रजा देवो न देवो, माणूस जातो. चीनमध्ये वसंतोत्सवाच्या आगेमागे चाळीस दिवस जी प्रचंड ये-जा चालते तिची सरकारी नोंद होते, तिला नाव आहे, नियोजन आहे. आमच्या मुंबई-गोवा महामार्गावर फक्त खड्डे आहेत. तरीही सण पोहोचतोच.

हे सगळं मी मनातल्या मनात काकांना ऐकवत होते, तोवर २०२५ साल आडवं आलं. मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांना गोपाळकाला आणि अनंत चतुर्दशी या स्थानिक सुट्ट्या मिळत असत. त्या वर्षी दहीहंडी आली शनिवारी, १६ ऑगस्टला. विसर्जन आलं शनिवारी, ६ सप्टेंबरला. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्याने शनिवारची सुट्टी वाया. मग सरकारने स्थानिक सुट्ट्या उचलून ८ ऑगस्टच्या नारळी पौर्णिमेला आणि २ सप्टेंबरच्या गौरी विसर्जनाला दिल्या. घाटकोपरची हंडी शनिवारी फुटली आणि तिच्या वाटची सुट्टी आदल्या आठवड्यात कोळीवाड्याला गेली. चीनने केलं तर गणित आणि आपण केलं तर परंपरा, असं म्हणायची सोय राहिली नाही.

याहून मोठी गोष्ट ईद-ए-मिलादची. २०२३ साली ईद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईत मुस्लिम समाजाने मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने २९ तारखेची सुट्टी जाहीर केली. २०२४ साली विसर्जन १७ सप्टेंबरला होतं, तेव्हा सुट्टी १६ वरून १८ वर गेली. २०२५ साली मुंबई शहर आणि उपनगरापुरती ती ५ सप्टेंबरवरून ८ वर गेली. बाकी राज्यात ती ५ लाच राहिली. ओळीने तीन वर्षं. हे आधी माणसांनी आपसांत ठरवलं, रस्ता एकच आहे आणि पोलीसही तेच आहेत हे ओळखून. सरकारी परिपत्रक त्यांच्या मागून आलं. चंद्र जिथे होता तिथेच होता. मिरवणूक एक ते तीन दिवसांनी निघाली म्हणून सणाचं काहीही बिघडलं नाही.

म्हणजे तारीख हलली की सणाचा अपमान होतो, ही माझी समजूत टिकत नाही. ज्यांचा सण त्यांना विचारून हलवली तर अपमान कसला? आणि विचारायचं म्हटलं की प्रश्न उभा राहतो: सुट्टी हलवताना, देताना, मोजताना आपण विचारतो कुणाला? चोवीस हा आकडा तरी कुणाचा?

उत्तर सोपं आहे. तो सरकारी कार्यालयांचा आणि बँकांचा. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या खासगी कारखान्याला ती यादी बांधील नाही. उलट सार्वजनिक सुट्टीला लोकल बहुधा रविवारच्या वेळापत्रकाने धावतात. ज्याला सुट्टी नाही त्याला त्या दिवशी गाड्या कमी आणि गर्दी तेवढीच. रविवारी माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉकमध्ये जे हाल होतात ते सणाच्या दिवशीही त्याच माणसाच्या वाट्याला. दुकानांचं बघायचं तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या मिळतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि आणखी चार सणांच्या, ज्या मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. त्या दिवशी काम करून घेतलं तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी. पण हे सारं वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे; २०२५ पर्यंत ही अट दहाची होती. घाटकोपरच्या गल्लीत चार पोरं ठेवून साड्या विकणारं दुकान यातून सुटलं. आणि घरकाम करणाऱ्या बाया कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. आमच्या इमारतीत दिवाळीच्या पाडव्याला प्रत्येक घरात भांडी घासायला मावशी आलेल्या असतात, कारण त्या दिवशी भांडी जास्त असतात. न आल्या तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. वॉचमन बिहारचा. त्याचा सण छठ, उपनगरातले हजारो लोक त्यासाठी जुहूच्या किनाऱ्यावर जमतात, आणि आपल्या यादीत छठ नाही.

चीनमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस राबवून घेण्याची तिथल्या कंपन्यांची रीत बेकायदा आहे हे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. सुवर्णसप्ताहात हॉटेलातला आचारी आणि रेल्वेचा कर्मचारी तिथेही राबतातच. पण कायद्याने ठरलेल्या सणाच्या दिवशी राबवलं तर मजुरी किमान तिप्पट, असं त्यांच्या कामगार कायद्यात लिहिलेलं आहे. तेरा असोत, पण ते कारखान्यातल्या मुलीचेही तेरा आहेत, निदान कागदावर तरी.

म्हणून काकांचं म्हणणं मी अर्धं मान्य करायला तयार आहे, आणि त्यांच्या उलट कारणासाठी. चोवीस सुट्ट्या खरंच जास्त आहेत; देश मागे पडतो म्हणून नव्हे, तर ज्या थोड्यांना त्या मिळतात त्यांना उरलेल्यांची आठवण राहत नाही म्हणून. बारा करा. तारखा हव्या तशा हलवा, शनिवारला जोडा, माझी काही तक्रार नाही. पण त्या बारा कारकुनाच्या, साडीच्या दुकानातल्या पोराच्या आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या, तिघांच्याही असू द्या. यावर काका काय म्हणतील ते मला ठाऊक आहे: मग त्या दिवशी भांडी कोण घासणार? जो जेवला तो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. येत्या डिसेंबरात नवं कालनिर्णय भिंतीवर लावाल तेव्हा घरी कामाला येणाऱ्या मावशींना आणि खालच्या वॉचमनला त्यांचे चार सण कोणते ते विचारा, त्या चार तारखांभोवती लाल गोल काढा आणि त्या दिवसांचा खाडा कापू नका.