बघू की!



पावसाळ्यात सांगलीत नुसतं 'पाणी वाढलंय' म्हणून भागत नाही. आयर्विन पुलापाशी किती फूट, हेच जो तो विचारतो. तिकडं साताऱ्यात कोयना धरणातून किती पाणी सोडलं, तेही नेमकं कळावं लागतं. २०१९च्या महापुरानं हे पक्कं शिकवलं.

पण पाणी ओसरलं, की हा नेमकेपणा विसरून आपण पुन्हा म्हणतो, 'बघू की.' उसने पैसे मागितले, 'बघू की.' सोयरिकीचा निरोप विचारला, 'बघू की.' नाही म्हणणं जिवावर येतं. आणि मुलीचा बाप तेवढ्या शब्दावर दुसरं स्थळच पाहत नाही.

मंडळी, स्पष्ट नकारानं माणूस दुखावतो खरा, पण मोकळाही होतो. कुणाचं उत्तर तुमच्याकडं अडकलं असेल, तर आज न्याहारीआधी फोन करा. "जमणार नाही, राग मानू नका," एवढं सांगा.